नवव्या डावातला दिवा

शेजारच्या सीटवरचा तरुण मराठीत पुटपुटला, तेव्हा अक्षयाला आधी वाटलं आपल्याला भासच झाला.

२००६ चा एप्रिल. रविवारची दुपार. योकोहामाला राहणाऱ्या ओळखीच्या सरिताताईंकडे पोटभर जेवून ती तोक्योला परत निघाली होती. डबा नेहमीसारखा गप्प होता, कुणी पेंगत होतं, कुणी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं होतं. शेजारच्या तरुणाच्या कानात रेडिओची वायर होती, मांडीवर चौकटींची वही, हातात बारीक टोक काढलेली पेन्सिल. एकेका चौकटीत तो कधी आकडा टाकत होता, कधी तिरकी रेघ, कधी अर्धंच वर्तुळ. आणि मध्येच, अगदी हळू—

"अरे, पळ ना बाबा... पळ..."

अक्षयाला हसू आवरलं नाही. त्याने दचकून वर पाहिलं आणि कानातली वायर काढली.

"तुम्हाला... कळलं?"

"'पळ' कळलं. कुणाला म्हणालात ते नाही कळलं."

"दुसऱ्या बेसवर एक जण उभा आहे. सेंदाईत बेसबॉलची मॅच चालू आहे." तो जरा लाजला. "ऐकतच नाहीये तो."

"एवढ्या लांबून, तेही मराठीत सांगितल्यावर कसा ऐकेल?"

आता तोही हसला. हसताना त्याचे डोळे इतके बारीक झाले की अक्षयाला क्षणभर कळेना, हा मूळचा कुठला.

मग त्याने वही तिच्याकडे सरकवली. एक बॅटर आला की एक चौकट. तो कसा आला, किती चेंडू खेळला, कुठे मारला, कुणी झेलला, सगळं त्या बोटभर जागेत. "वीस वर्षांनी हे पान उघडलं ना, तरी ती दुपार पुन्हा पहिल्यापासून खेळता येते," तो म्हणाला. बेसबॉल म्हणजे काय हे अक्षयाला धड ठाऊक नव्हतं, पण हे वाक्य त्याने ज्या तऱ्हेने म्हटलं, त्याने ती वहीकडे नीट बघू लागली.

"आणि हे तुम्ही कशासाठी करता?"

"नोकरीच आहे माझी. योकोहामाच्या स्टेडियममध्ये रेकॉर्ड लिहितो. आज सुट्टी आहे."

"सुट्टीच्या दिवशीही नोकरीच?"

"सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून."

"नाव काय म्हणालात?"

"सांगितलं नाही अजून. दिगंबर साठे."

अक्षया सरळ होऊन बसली. "साठे... म्हणजे जपानीत साते-सान?"

गोष्ट अशी होती, की अक्षया तोयोसुतल्या ज्या कंपनीत काम करत होती, तिथे मॅचचे आकडे लोकांच्या मोबाइलवर दाखवणारा प्रोग्रॅम तिच्याकडे होता. दर सोमवारी स्टेडियममधून कुणा साते-सानांची तक्रारींची यादी यायची. पिचरने टाकलेल्या चेंडूंत एक कमी दिसतो... बाद झालेला माणूस अजून बेसवरच उभा दिसतो... तिचे साहेब होसोदा-सान ती यादी शांतपणे वाचून दाखवायचे आणि अक्षया मनातल्या मनात साते-सानांना बोल लावायची. तिच्या डोळ्यांसमोर पन्नाशीचा, टक्कल पडलेला, चष्मा नाकावर आलेला एक जपानी गृहस्थ होता.

"तो बेसवर अडकलेला माणूस... तो तुमच्यामुळे?" तिने हे सांगताच दिगंबरने विचारलं.

"शुक्रवारी सोडवला मी त्याला. शनिवारचा अर्धा दिवस तपासण्यात गेला तो वेगळाच."

"उपकार झाले. बिचारा बारा दिवस उभा होता."

बोलता बोलता तिचं उतरायचं युराकुचो स्टेशन कधी मागे पडलं, तिला कळलंच नाही. ती त्याच्याबरोबर पुढे कांदा नावाच्या स्टेशनवर उतरली, त्याला तिथे असल्याच वह्या घ्यायच्या होत्या. दुकानात तो एकेका वहीचा कागद अंगठ्याने चाचपून बघत होता आणि अक्षया त्याच्या अंगठ्याकडे बघत होती.

*

दिगंबर सात वर्षांचा असताना जपानला आला. वडील, चंद्रहास साठे, मुंबईच्या एका बँकेच्या योकोहामा शाखेत बदलून आले होते. मुलाला त्यांनी साध्या जपानी शाळेत घातलं. पुढे तो शाळेच्या बेसबॉल संघात शिरला, पण तीन वर्षांत त्याला मैदानावर एकदाही उतरवलं नाही. सरांनी हातात वही दिली आणि म्हणाले, तू बघतोस चांगलं, तू लिही. वडिलांची मुदत संपली, आई-बाबा मुलुंडला परत गेले. हा कॉलेजसाठी म्हणून राहिला तो राहिलाच.

हे सगळं त्याने तिला यामाशिता पार्कच्या बाकावर बसून सांगितलं. समोर बंदरातली जहाजं होती, हातात कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातून घेतलेलं आइस्क्रीम. मे महिन्यात ती मॅच लिहायला शिकली. जून महिन्यात तिने पहिल्यांदा अख्खी मॅच लिहिली आणि त्यात फक्त चार चुका निघाल्या. त्या चारही त्याने इतक्या हलक्या हाताने खोडल्या, की तिला आणखी दोन करायला हव्या होत्या असं वाटून गेलं...

एका रविवारी पावसाने मॅच रद्द झाली. दोघं एकाच पारदर्शक छत्रीखाली स्टेशनपर्यंत आले. छत्री छोटी होती. त्याचा डावा खांदा पुरता भिजला, आणि तिचा उजवा अगदी कोरडा राहिला.

"मॅच झालीच नाही त्या दिवसाचं पान कोरंच ठेवता?" तिने विचारलं.

"नाही. तारीख लिहायची आणि कारण लिहायचं." त्याने वही काढली, तारीख टाकली, आणि खाली देवनागरीत लिहिलं, 'पाऊस'. त्याचं मराठी अक्षर दुसरीतल्या मुलासारखं होतं, गोल गोल आणि मोठं. तिथेच थांबलं होतं ते. अक्षया त्या अक्षराकडे बघत राहिली. तिने छत्रीची मूठ घट्ट धरली आणि विषय बदलला.

ऑगस्टच्या शेवटी सरिताताई लोणच्याची बरणी तिच्या हातात देत सहज म्हणाल्या, "साठ्यांचा दिगंबर ऑक्टोबरात कायमचा मुंबईला चाललाय, माहीत असेल ना तुला? त्याची आई फोनवर सांगत होती. वडिलांनी बँकेत सोय लावलीय."

अक्षयाने बरणी घेतली, आभार मानले, ट्रेनमध्ये बसली. उतरायचं स्टेशन येईपर्यंत तिने खिडकीबाहेर काय बघितलं ते तिला आठवत नव्हतं. चार महिने! दर आठवड्याला भेटणाऱ्या माणसाने एवढं एक सांगू नये...

तिने विचारलं नाही. नुसतं भेटणं थांबवलं. 'काम आहे' असं दोनदा कळवलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही.

*

सप्टेंबरचा तिसरा रविवार. ऑफिसात ड्यूटीवर अक्षया एकटीच होती. दुपारी एकला योकोहामाची मॅच सुरू झाली आणि सव्वा वाजता तिच्या स्क्रीनवरचे आकडे थांबले. दुसऱ्याच मिनिटाला फोन वाजला. पलीकडून जपानीत आवाज आला, "साते बोलतोय. स्टेडियमकडून येणारी लाइन बंद पडली आहे."

"बोला," ती मराठीत म्हणाली.

मग मराठीतच, "दुरुस्तीला तीन तास लागतील म्हणतात. मॅच तेवढ्यात संपेल. मी फोनवर सांगत गेलो... तर तुम्ही भराल?"

"सांगा."

आणि अशा रीतीने, अठरा दिवस एकमेकांशी न बोललेली दोन माणसं एका तारेच्या दोन टोकांना येऊन बसली. उठून जायची सोय नव्हती. तो सांगत होता, ती भरत होती, आणि ती भरेल ते पुढच्या क्षणी ट्रेनमध्ये, दुकानांत, हॉस्पिटलच्या बाकांवर बसलेल्या लोकांच्या मोबाइलवर उमटत होतं.

"पहिला चेंडू आत, स्ट्राइक. दुसरा बाहेर. तिसरा... मारला, शॉर्टच्या खेळाडूकडे, पहिल्या बेसवर फेक, बाद."

"पुढे."

योकोहामाचा पिचर एकवीस वर्षांचा होता. मोठ्या मैदानावरचा त्याचा हा तिसराच सामना. चौथ्या डावात योकोहामाच्या एकाने चेंडू भिंतीपलीकडे टोलवला आणि एक धाव झाली. पाहुण्या संघाचे लोक येत होते आणि परत जात होते. दिगंबरचा आवाज अगदी सपाट होता, आकाशवाणीवर बाजारभाव सांगतात तसा. पण हळूहळू अक्षयाच्या लक्षात आलं, की या सपाट आवाजातून तिला सगळं दिसतंय. बॅटर पायाने माती उकरतोय, पिचर टोपी काढून कपाळ पुसतोय, उजव्या मैदानातल्या खेळाडूची सावली भिंतीपर्यंत गेलीय. यातलं एकही तो बोलत नव्हता, पण त्याने दम खाल्ला की तिला कळत होतं, तिथे काहीतरी थांबलंय.

सहावा डाव संपला तेव्हा तिने पहिल्यांदा पाहुण्यांची ओळ सलग वाचली. धावा शून्य. चेंडू मारून बेस गाठलेले, म्हणजे हिट, शून्य. बाहेरच्या चेंडूंमुळे फुकट बेस मिळालेले, म्हणजे वॉक, शून्य. अठरा माणसं आली, अठराही परत गेली.

"दिगंबर... यांचा एकही माणूस अजून बेसवर—"

"बोलू नका ते."

"का?"

"कैक वर्षांतून एकदा असं घडतं, आणि ते चाललेलं असताना त्याचं नाव घेत नाहीत." त्याचा आवाज खाली आला होता. "इथे तीस हजार माणसं आहेत, अक्षया. सगळ्यांना दिसतंय, आणि कुणी बोलत नाहीये. त्याच्या संघातले लोकसुद्धा बाकावर त्याच्यापासून दोन हात लांब बसलेत. पाणीही कुणी विचारत नाही त्याला."

सातवा डाव. एकवीस आले, एकवीस गेले. स्क्रीनच्या कोपऱ्यात मॅच बघणाऱ्यांचा आकडा असायचा. एरवी तो चाळीस हजारांवर जात नसे. आता तो लाख ओलांडून गेला होता. डाव बदलताना दोन मिनिटं मोकळी मिळायची. त्यात फोनवर फक्त दोघांचे श्वास ऐकू यायचे.

"अक्षया, मला तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं... ऑक्टोबरचं."

"आत्ता नको," ती म्हणाली. "पुढचा बॅटर सांगा."

आठवा डाव. चोवीस. कुणीतरी मागे उभं असल्याचं जाणवून तिने वळून पाहिलं, तर होसोदा-सान. घरी मोबाइलवर बघता बघता राहवेना म्हणून आले होते, पायात घरातल्याच चपला. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण फोनचा आवाज तिने स्पीकरवर मोकळा केला तसे ते हात बांधून, मान खाली घालून ऐकत राहिले.

नववा डाव. बघणारे दोन लाख दहा हजार.

पंचविसावा उंच उडवून बाद. सव्विसावा तीन चेंडूंत बाद. सत्ताविसाव्याच्या जागी पाहुण्यांनी अडतीस वर्षांचा एक जुना खेळाडू पाठवला, सोळा वर्षं खेळलेला, केस पिकलेले.

"पहिला, स्ट्राइक," दिगंबर म्हणाला. "दुसरा... बाहेर. तिसरा, मारला, रेषेबाहेर. चौथा—"

पुढे शब्द आले नाहीत. फोनमधून एक प्रचंड आवाज आला, आणि तो आवाज मध्येच तुटला, कुणी दार लावून घ्यावं तसा.

"दिगंबर?"

काही नाही.

"दिगंबर, सांग ना. काय झालं?"

"जमिनीलगत गेला. योकोहामाचा दुसऱ्या बेसवाला आडवा पडला... हातमोज्याला लागून चेंडू उडाला. बॅटर पहिल्या बेसवर पोचलाय." तो दम खाऊन बोलत होता. "थांब. दिवा लागलेला नाही अजून."

"कसला दिवा?"

"वर फलकावर दोन दिवे असतात. खेळाडूची चूक असेल तर एक लागतो. मग हिट शून्यच राहते. चूक नसेल, तर दुसरा, हिटचा. ते ठरवतात आमच्या वरच्या खोलीतले, अधिकृत नोंद करणारे आजोबा. एकटेच."

"लोक काय म्हणतायत?"

"कुणी काहीच म्हणत नाहीये. सगळे माना वर करून दिव्याकडे बघतायत. तो पिचरसुद्धा."

"तुला काय वाटतं?"

पेन्सिलचं टोक कागदावर टेकल्याचा आवाज आला.

"हिट आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या बेसवाल्याने केलं त्याहून जास्त कुणालाच जमलं नसतं. आजच्या दिवशीसुद्धा हिटच आहे." आणि मग, "लागला. हिटचा लागला."

अक्षयाचं बोट त्या बटणावर होतं. शून्य पुसून एक टाकायचा. आठ डावांत शेकडो आकडे टाकले होते तिने, पण आता बोट खाली जाईना.

"अक्षया?"

"नको वाटतंय रे."

"मलाही. पण टाक."

तिने टाकला. दोन लाख दहा हजार लोकांनी तो बघितला. आणि तेवढ्यात फोनमधून पावसाची सर यावी तसा आवाज सुरू झाला, वाढत गेला, थांबेचना.

"हे काय?"

"टाळ्या," दिगंबर म्हणाला. त्याचा सपाट आवाज आता कुठल्या कुठे गेला होता. "सगळे उभे राहिलेत. पाहुण्यांच्या बाजूचेसुद्धा. आणि तो पोरगा... तो पिचर दुसऱ्या बेसवाल्याकडे चालत गेलाय. तो रडतोय बहुतेक. पिचर त्याच्या अंगावरची माती झटकतोय."

होसोदा-सानांनी चष्मा काढला आणि खिडकीकडे तोंड केलं.

अठ्ठाविसावा बॅटर दुसऱ्याच चेंडूवर झेल देऊन गेला. योकोहामा एक, पाहुणे शून्य. एकशे चार चेंडू, नऊ जण स्ट्राइकवर बाद, वॉक एकही नाही, हिट एक. एवढं सगळं स्क्रीनवर एका ओळीत मावलं. त्या ओळीकडे अक्षया देवापुढे बसावं तशी बघत बसली. पाच महिन्यांपूर्वी तिला ही ओळ म्हणजे प्रोग्रॅममधली एक रांग वाटली असती.

"संपलं," तो म्हणाला.

"हं."

"मी तोयोसुला येऊ?"

"ये."

*

साडेपाचला तो आला. खाडीच्या काठावर जुन्या गोदीची एक क्रेन अजून उभी होती, तिच्यामागे आकाश केशरी झालं होतं. कठड्याला टेकून अक्षया उभी होती. तो जरा अंतर ठेवून थांबला.

"सरिताताईंकडून कळलं मला," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "लोणचं देता देता सांगितलं त्यांनी."

"चूक झाली माझी."

"का नाही सांगितलंस?"

"जानेवारीत बाबांना हो म्हणालो होतो. ते म्हणाले, दुसरे खेळतात आणि तू लिहितोस, हे किती दिवस करणार? मला उत्तर सुचलं नाही. म्हटलं, हा एक सीझन करतो, मग येतो." तो थांबला. "मग एप्रिलमध्ये तू भेटलीस. दर रविवारी ठरवायचो, आज सांगू. आणि वाटायचं... सांगितलं की मोजायला लागू आपण, किती रविवार उरले ते."

"दोन लाख लोकांना मी आज तो एक आकडा खरा सांगितला. तू टाक म्हणालास म्हणून. किती जड गेलं मला. आणि तुला एका माणसाला खरं सांगता आलं नाही?"

एक बोट गेली, तिच्या लाटा काठाला येऊन लागल्या.

"आता तरी सांग," ती हळू म्हणाली. "जे असेल ते."

"मला तू आवडतेस, अक्षया." त्याने अजिबात आढेवेढे न घेता सांगितलं. "आणि मला जायचं नाहीये. आज तुला सांगत होतो ना, तेव्हा कळलं, मी हे जन्मभर करू शकतो. पण ऐकणारं माणूस म्हणजे कोण, हेही आजच कळलं. आता दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही."

अक्षयाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ओठांवर ते ट्रेनमधलं न आवरलेलं हसू.

"मग मला विचारण्याआधी मुलुंडला सांग," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

"तिकडे दुपारचे दोन वाजलेत. बाबा झोपले असतील."

"उठव."

त्याने फोन लावला. ती दोन पावलं दूर जाऊ लागली तर त्याने तिचा हात धरला. पहिल्यांदाच. त्याच्या बोटांना पेन्सिलचा काळा डाग होता.

"बाबा, झोपमोड केली... हो, बरा आहे. बाबा, मी ऑक्टोबरमध्ये येणार नाहीये. म्हणजे येईन, भेटायला. बँकेत नाही... नाही, विचार बदलणार नाही... इथेच, हेच काम... हो, लिहिण्याचंच. जानेवारीत हो म्हणालो ती माझी चूक होती, तुमची नाही."

मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. पलीकडचे शब्द अक्षयाला कळत नव्हते, पण आवाज चढला आणि उतरला, एवढं कळत होतं. दिगंबरने एकदा डोळे मिटले. हात मात्र सोडला नाही. एकदाच तो म्हणाला, "हो बाबा, एक कारण आहे. पण ती नसती तरी मी आज हेच सांगितलं असतं."

मग फोन कुणाच्या तरी हातातून कुणाच्या तरी हातात गेल्याचा आवाज आला, बांगड्यांचा किणकिणाट झाला. दिगंबर ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरत होता.

"आई," त्याने अक्षयाला सांगितलं. "बाबा काही बोलायला तयार नाहीत, गॅलरीत जाऊन उभे राहिलेत. पण आई म्हणते, कारणाला नाव असेल ना काहीतरी?"

त्याने फोन तिच्यापुढे धरला. अक्षयाने चेहरा ओढणीने पुसला, केस कानामागे सारले, जणू मुलुंडहून ते दिसणारच होतं. मग फोन दोन्ही हातांनी घेतला.

"नमस्कार काकू," ती म्हणाली. "मी अक्षया."